थोरलीकडचा डबा

वायरवाल्याने मोबाइल धाकटीपुढे धरला. "ताई, लाइन कुठेही तुटलेली नाही. डब्याची वीजच जाते. रोज चार-वीसच्या सुमारास जाते, दहा मिनिटांनी येते. ही बघा आठ दिवसांची नोंद."

धाकटीने नोंद पाहिली आणि मग भिंतीकडे पाहिलं. इंटरनेटचा डबा भिंतीपलीकडे होता, थोरल्या जावेच्या खोलीत. एका घराची दोन झाली तेव्हा डबा तिकडेच राहिला, इकडे नुसती वायर आली.

"विजेला काय घड्याळ कळतं?" ती म्हणाली. "कुणाचा तरी हात लागतोय."

"मी कुणाचं नाव घेत नाही बुवा. पण आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

चारला तिचा गणिताचा वर्ग असे. पडद्यावर बत्तीस मुलं. क्लासच्या बाईंनी काल तोंडावर सांगितलं होतं, आणखी एकदा वर्ग तुटला तर उद्यापासून दुसरी शिक्षिका. आता अडीच वाजले होते.

दोन वर्षांत तिने थोरलीच्या दाराची कडी वाजवली नव्हती. आज वाजवली ती अशी, की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

थोरलीचे हात साबणाने भरलेले. "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

"डब्याचं बटण कोण बंद करतं?"

थोरली भांडली नाही, नुसती दारातून बाजूला सरली. एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई गप्प राहते म्हणजे पाणी नक्की मुरतंय, असं मनात म्हणत धाकटी आत शिरली. मागोमाग वायरवालाही.

त्याच मधल्या भिंतीला लागून सासूबाईंची खाट होती. उशाशी डबा, आणि बटण हात लांबवला की सापडेल असं.

"वा! म्हणजे आईंना पुढे केलंत?"

"मी? अगं, मी रोज ओरडते त्यांच्यावर. विचार त्यांनाच."

सासूबाईंना आता माणसाची नुसती सावली दिसे. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "धाकटी ना तू? आज दारातून आलीस!"

"आई, बटण तुम्ही बंद करता?"

"करते की." चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "तू त्या पोरांशी बोलतेस, सगळे आकडेच आकडे. मला त्यातलं काय कळणार? बटण दाबलं की तू विचारतेस, ऐकू येतंय का? माझा आवाज येतोय का? मग मी म्हणते, येतोय गं बाई, येतोय. तू परत विचारतेस, मी परत सांगते. थोडा वेळ बोलणं होतं आपलं."

धाकटी खाटेच्या कडेला बसली.

"वर्ग घेताना तुझ्या कानांवर ती झाकणं असतात ना," थोरली हात पुसत हळूच म्हणाली. "तुला कुठून ऐकू येणार?"

वायरवाला घसा खाकरून म्हणाला, "डबा पलीकडे नेऊ का, ताई? बाहेरून वायर वळवतो. तासाभराचं काम."

सासूबाईंचा हात डब्यावर गेला आणि तिथेच राहिला. धाकटीने तो आपल्या हातात घेतला, बराच वेळ धरला, मग खाटेवर अलगद ठेवला.

"न्या," ती म्हणाली.

पावणेचारला तिच्या टेबलावर डब्याचे दिवे हिरवे झाले. वायरवाल्याने भिंतीतली जुनी वायर ओढून काढली. मागे अंगठ्याएवढं भोक राहिलं. तो पिशवीतून पुट्टी काढून मळायला लागला.

"ते बुजवू नका."

"अहो, इकडचा शब्द न् शब्द तिकडे जाईल!"

धाकटीने टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि ओढत ओढत त्या भोकापाशी नेलं.