बिनशंखाची पाहुणी

"ह्यांना सांगा, टाकीत काहीतरी शिरलंय," वहिनी म्हणाल्या.

साहेब हातभर अंतरावर उभे होते. तरी टाकीवाल्याने मान वळवून सांगितलं, "साहेब, टाकीत काहीतरी शिरलंय."

"मीही पाहिलंय म्हणावं."

टाकीवाल्याला ह्या घराची सवय झाली होती. दर पंधरवड्याला तो येई, खाऱ्या पाण्याची ती लांबलचक काचेची टाकी साफ करी, प्रवाळांची विचारपूस करी आणि जाता जाता नवरा-बायकोचे निरोप पोचवी. वहिनींच्या आईचं शिलाई मशीन साहेबांनी न विचारता भंगारात दिलं, तेव्हापासून घरात अबोला होता. सुरुवातीला त्याला हसू येई. आता येत नसे. वहिनींची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. रविवारी त्या भावाकडे जाणार होत्या. परत कधी येणार हे साहेबांनी विचारलं नव्हतं, कारण विचारायचं तर आधी बोलावं लागतं. हे घर मोडायला आलंय असं त्याला वाटे, आणि वाईट वाटे.

"दिसायला कसं आहे?" त्याने विचारलं.

"गोगलगायीसारखी, तपकिरी. अंगावर ठिपके. करंगळीएवढी," वहिनी म्हणाल्या.

"हिरवट आहे. चांगली अंगठ्याएवढी," साहेब भिंतीकडे बघत म्हणाले. "ज्यांना ठिपके दिसतात त्यांनी चष्मा बदलावा."

"ह्यांना सांगा, ज्यांना जुनी वस्तू आणि भंगार ह्यातला फरक कळत नाही, त्यांनी रंगांवर बोलू नये."

हा निरोप टाकीवाल्याने पोचवला नाही. त्याने भिंग काढलं आणि काचेला नाक लावलं. मागच्या दगडावर एक मऊ, तपकिरी जीव शेवाळ चरत होता. डोक्यावर कानांसारखी दोन शिंगं.

"गोगलगायच आहे, पण शंख नसलेली. आमच्या धंद्यात हिला समुद्री ससा म्हणतात. गरीब असते. शेवाळ खाते, प्रवाळांच्या वाटेला जात नाही."

"पण रंग?" दोघांनी वेगवेगळ्या दिशांना बघत विचारलं.

"जसं शेवाळ पोटात, तसा रंग. अंग ताणलं की मोठी दिसते, आखडलं की लहान. म्हणजे तुम्ही दोघंही बरोबर."

असा निवाडा आपल्याशिवाय कोणाला जमला नसता, असं त्याला मनातून वाटलं. "पण आली कुठून, हा प्रश्नच आहे."

"तुम्ही आणलेल्या दगडावरून!" दोघं एकदम म्हणाले.

टाकीवाला चाटच पडला. कित्येक महिन्यांत ह्या घरात दोघांचं एकमत झालेलं त्याने पाहिलं नव्हतं, आणि झालं ते त्याच्याविरुद्ध.

"माझा प्रत्येक दगड आधी वेगळ्या पाण्यात ठेवलेला असतो, वहिनी. त्यावर मुंगीएवढाही जीव राहत नाही."

"राहिला असेल एखादा. दुसरीकडून येणार कुठून?"

साहेबांनी जोरजोरात मान डोलावली. दोघांपुढे त्याचं काय चालणार? तो हिरमुसला होऊन सामान आवरू लागला.

"एक सांभाळा," तो म्हणाला. "ही घाबरली की जांभळी शाई सोडते. त्यात अख्खी टाकी मरेल. पंपाने ओढली तर संपलंच. आणि पंप बंद ठेवला तर प्रवाळ गुदमरतील. पंपाच्या तोंडाला लावायला मापाचा स्पंज मी शनिवारी आणतो. तोवर लक्ष ठेवा. पंपाकडे निघाली तर बोटाने ढोसू नका, काचेच्या वाटीत हळूच घेऊन बाजूला सोडा."

शनिवारी वहिनींनी दार उघडलं आणि आतून आवाज आला, "अगं, वाटी कुठे ठेवलीस?"

टाकीवाल्याच्या हातातली बादली सुटता सुटता राहिली.

"गुरुवारी सकाळी ती पंपावर चढायला लागली," वहिनी स्वयंपाकघरात त्याला पाणी देत म्हणाल्या. "माझ्या तोंडून 'अहो!' अशी किंकाळीच फुटली. हे आले धावत, अर्ध्या गालाला साबण तसाच. वाटी मी धरली, ह्यांनी गोगलगाय अलगद आत घेतली. मग काय, एकदा तोंड उघडलं ते उघडलं. मशीनचं माझं चुकलं, असं म्हणाले. स्वतःहून म्हणाले." त्यांचे डोळे भरून आले होते. "भावाला मी येत नाही म्हणून कळवलंय."

टाकीवाल्याला खरंच आनंद झाला. वहिनींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"तुमच्या दगडाला उगाच बोल लावला हो. गोगलगाय मीच आणली होती, बाजारातल्या त्या दुसऱ्या दुकानातून. ह्यांची पाठ वळल्यावर टाकीत सोडली. माझ्यासाठी हा माणूस तोंड उघडणार नाही, पण टाकीत काही झालं तर त्याला गप्प बसवणार नाही, हे मला ठाऊक होतं. ह्यांना सांगू नका, माझी शपथ."

"छे, छे," टाकीवाला म्हणाला. त्याचा दगड निर्दोष सुटला होता. आणखी काय हवं?

"अगं, लवकर इकडे ये!" बाहेरून साहेब ओरडले. "टाकीवाले, तुम्हीपण या!"

ते काचेसमोर उकिडवे बसले होते. डाव्या कोपऱ्यात ठिपक्यांची तपकिरी गोगलगाय निवांत चरत होती. उजव्या कोपऱ्यात, पंपाखालच्या दगडावरून, एक जाडजूड हिरवी गोगलगाय डुलत डुलत वर येत होती.

टाकीवाला एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

साहेब दोन्ही गोगलगायींकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"असं कसं होईल?" ते स्वतःशीच पुटपुटले. "मी तर एकच सोडली होती."