धुऱ्यावरचा साग

नव्या घराच्या वरच्या खोलीला लाकडाचीच फरशी हवी, हा वैजनाथ सरांचा हट्ट होता. लाकूडही घरचंच, देऊळघाटच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असलेला त्यांच्या वडिलांचा, आबाजींचा जुना साग! पण त्या सागाच्या ढोलीत पिंगळा घुबडांची जोडी राहते, हे सरांच्या हिमानीला ठाऊक होतं, आणि ती काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"बाबा, बांबूची फरशी करा ना. सागासारखीच टणक असते, आणि तोडलेला बांबू चार-पाच वर्षांत परत वाढतो."

"काऊन वं, घर बांधून राह्यलो का लग्नाचा मांडव?"

मग हिमानीने दुकानातून नमुन्याची पट्टी आणली, तिच्यावर धपाधप उड्या मारल्या आणि बाबांनाही मारायला लावल्या. पट्टीवर साधा ओरखडा नाही! तिसऱ्या दिवशी बाबांनी हात टेकले. साग वाचला! त्या आनंदात तिने आबाजींना फोन लावला आणि अर्धा तास नुसतं बांबूचं कौतुक ऐकवलं.

रविवारी ती शेतात गेली, तर सागाच्या बुंध्याशी बांबूची साठ रोपं मांडलेली. ढोलीतून दोन पिवळे डोळे खाली बघत होते. आबाजी तिचीच वाट पाहत होते.

"तुहं बोलनं पटलं मले, पोरी. आता पुऱ्या धुऱ्यावर बांबूच लावतो."

आणि त्यांनी कौतुकाने तिच्या हातात कुऱ्हाड दिली.

"पन सागाच्या सावलीत बांबू काई वाढत नाई. घे, पयला घाव तुह्याच हातचा!"