रिकामी रांग

रोवीना एकटीच डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या लोंबत्या खुर्चीवर बसली आणि वर निघून गेली. हॅल्वर चार पावलं मागे राहिला होता. पुढची खुर्ची त्याच्यासमोर आली. तीही दोघांची, तीही रिकामी.

“बसा डॉक्टर, ऐसपैस बसा,” लिफ्टवरची मार्नी फावड्याला टेकून म्हणाली. “आज अख्खी खुर्ची तुमची. राजे आहात!”

हॅल्वर बसला. राजासारखं त्याला काडीचंही वाटलं नाही.

मार्च अजून संपला नव्हता आणि मॉन्टानाच्या त्या डोंगरावर जूनमधलं ऊन पडलं होतं. एरवी या दिवसांत रात्री बर्फाचा दगड होतो, सकाळी उन्हानं वरचा थर सुटतो, आणि जाड साखरेसारख्या त्या दाण्यांवर पायातली स्की अशी पळते की म्हाताऱ्यालाही पंख फुटावेत. यंदा रात्री काही गोठतच नव्हतं. सकाळपासून नुसती पेज. जागोजागी डोंगराची तपकिरी पाठ उघडी पडली होती. लोक फिरकेनासे झाले. ज्यांना घरात बसवत नव्हतं अशी थोडी टाळकी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिंडत होती. लिफ्टपुढची रांगच नाहीशी झाली होती, आणि हॅल्वरचं खरं दुखणं तेच होतं.

हिवाळाभर रांग होती. गर्दीत दोघांच्या खुर्चीवर एकट्यानं बसून जाणं म्हणजे पाप. मग एकटा आलेला माणूस दोरीपलीकडच्या चिंचोळ्या रांगेत शिरतो आणि ओरडतो, “सिंगल!” दुसरा कोणी एकटा असला की त्याच्याशेजारी सरकतो. जानेवारीत रोवीना अशीच ओरडली आणि हॅल्वर सरकला. पुढे हा योगायोग दर शनिवारी घडू लागला. योगायोग घडवायला फार मेहनत पडते. बुटाची बक्कलं उगाच सोडायची, परत लावायची, मागच्यांना हसून पुढे जाऊ द्यायचं, आणि ती आली की घाईत असल्यासारखं पुढे व्हायचं.

वर जाईपर्यंत रोवीना बोलायची. सुकवलेल्या मांसाची पट्टी मोडून अर्धी त्याला द्यायची आणि दात तुटला तर फुकट बसवून द्या म्हणायची. बर्फ संपला की ती अलास्काला जाणार, मासेमारांच्या तळावर स्वयंपाकाला, हे त्याला ठाऊक होतं. आडनाव ठाऊक नव्हतं. आणि ती सिंगल आहे ती खुर्चीपुरतीच की घरीही, हे विचारायची त्याची छाती झाली नव्हती. हॅल्वर दातांचा डॉक्टर. समोरच्याचा जबडा उघडा असला आणि त्यात हत्यार असलं, की त्याला भरभरून बोलायला सुचायचं. बायको गेल्यापासून बाकी कोणाशी बोलायची सवयच मोडली होती.

आज लिफ्ट मध्येच थांबली. रोवीना एक खुर्ची पुढे लोंबकळत होती. तिची पाठ दिसत होती, पिवळी टोपी दिसत होती. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं घसा साफ केला.

“बर्फ फार वाईट आहे!” तो ओरडला. तीन महिन्यांनी सुचलं ते हे.

“काय?”

“बर्फ! वाईट!”

रोवीना थोडी वळली. “मग आलात कशाला?”

त्याचं उत्तर जिभेवर आलं होतं. तेवढ्यात लिफ्ट हिसका देऊन निघाली आणि ते पुन्हा पोटात गेलं.

तो वर पोचला तोवर ती खाली निघालीही होती. मातीचा पट्टा आला की ती थांबायची, स्की काढून लेकरासारखी उचलून घ्यायची, पलीकडे बर्फावर परत घालायची. तिच्या स्कीला खडा लागलेला तिला खपत नसे. हॅल्वर तिला गाठायला म्हणून जोरात सुटला. ओल्या बर्फानं स्की धरून ठेवली आणि तो तोंडावर आपटला.

खाली मार्नी उतारावर फावड्यानं बर्फ ओढत होती. “शेवटची फेरी!” ती ओरडली. “एवढी झाली की बंद. भेटू पुढच्या हिवाळ्यात, जगलो वाचलो तर!”

हॅल्वर कसाबसा खाली येऊन लिफ्टजवळच्या बाकावर बसला. कपड्यांतून पाणी गळत होतं. मग आलात कशाला, हे एकच वाक्य डोक्यात घुमत होतं. बाई स्वच्छ बोलली होती, आपणच निर्लज्ज. त्यानं बुटाची बक्कलं सोडली. या वेळी खरोखरच सोडली.

रोवीना त्याच्यासमोरून लिफ्टकडे गेली. खुर्ची आली. तिनं जाऊ दिली. दुसरी आली, तीही जाऊ दिली.

“बसा की बाई!” मार्नी वैतागली. “एवढ्या रिकाम्या जाताहेत, त्यांना काय लोणचं घालायचंय?”

रोवीनानं मागे वळून हॅल्वरच्या सुटलेल्या बक्कलांकडे पाहिलं. मग ती वळसा घेऊन दोरीपलीकडच्या चिंचोळ्या रांगेत शिरली. तिथला बर्फ कधीच वितळला होता, दोरी चिखलात पडली होती आणि खाली नुसती खडी होती. रोवीनानं स्की काढली नाही. करकर आवाज करत ती खडीवरून चालत गेली. हॅल्वरच्या दातांतून कळ गेली.

रांगेच्या तोंडाशी ती थांबली. पुढे कोणी नव्हतं, मागेही कोणी नव्हतं. भर गर्दीत ओरडावं तशी ती ओरडली, “सिंगल!”