सातवी खिडकी

झुराकान आपाने बोचकं थेट गुप्तचर प्रमुखाच्या टेबलावर ठेवलं. महिन्यातला भेटीचा दिवस होता. बाहेर अकरा माणसं अर्ज घेऊन बसली होती. तिच्याकडे अर्ज नव्हता.

"बिश्केकमधल्या तुरुंगांच्या सहा खिडक्या फिरले, एसेनकुल. सगळीकडे तेच, दावलेत नावाचा कुणी इथे नाही. म्हटलं, सातवी तुझी."

"प्रमुखसाहेब म्हणा," दाराजवळचा पिकल्या केसांचा सचिव म्हणाला.

"याला मी कोर्टाच्या पायरीवर घरचे तळलेले बोर्सोक खाऊ घातलेत," आपा त्याच्याकडे न बघताच म्हणाली. "तेव्हा याच्याकडे एकच कोट होता."

एसेनकुल जरासा हसला. तेव्हा तो वकील होता. आपाच्या नवऱ्याला उचललं होतं आणि सरकार शपथेवर सांगत होतं, माणूस आमच्याकडे नाही. 'जी खिडकी सामान घेईल, तिथे माणूस आहे,' असं सांगून त्यानेच तिला तुरुंगातुरुंगांत फिरवलं होतं. एका खिडकीने लोकरी मोजे घेतले, पावती दिली. त्या चिटोऱ्यावर तो खटला जिंकला.

प्रमुख झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने हुकूम काढला: आपली सही होईपर्यंत कैद्याची कुठेही नोंद नाही, आणि नोंद नसलेल्याचं सामान कुठल्याही खिडकीने घ्यायचं नाही. व्यवस्थेतलं भोक नेमकं कुठे आहे हे त्याला शोधावं लागलं नव्हतं.

"आपा, तुझा मुलगा आमच्याकडे नाही."

"बरं, नाही तर नाही. निदान बघ तरी काय आणलंय ते. तुझ्याइतकं कुणाला कळतं यातलं?"

त्याने गाठ सोडली. मोज्यांचे दोन जोड. कुरुताचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, खारट गोळे. फडक्यात गुंडाळलेला नान. एक जाड पायजमा. बघता बघता त्याने पायजम्याची नाडी ओढून काढली, दोन बोटांभोवती गुंडाळली आणि बाजूला ठेवली. कोठडीत नाडी चालत नाही. वकिलीच्या दिवसांत अशा कितीतरी नाड्या त्याने कितीतरी आयांसमोर काढल्या होत्या.

आपा त्या बोटांकडे बघत राहिली. मग दुआ संपवताना फिरवतात तसे तिने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

"म्हणजे आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "तू काही बोलू नकोस. नोकरी आहे तुझी. नाडी मी नेते, सुटून आला की ओवीन."

एसेनकुलने तोंड उघडलं. सकाळी आलेला डॉक्टरांचा कागद बोचक्याखालून अर्धा बाहेर दिसत होता. दावलेतचं नाव, कालची तारीख, कारण हृदयक्रिया बंद. खाली त्याच्या सहीची जागा कोरी होती.

"पावती दे," आपा म्हणाली. "पावती घेतल्याशिवाय हलायचं नाही, तूच शिकवलंस."

सचिवाने मान हलवली, नको. एसेनकुलने कोरा कागद ओढला. मोजे दोन जोड, कुरुत, नान एक, पायजमा एक. दावलेतसाठी मिळाले. आजची तारीख. या कागदाचं एखादा वकील काय करील, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने सही केली.

आपाने कागदाची घडी करून ती आतल्या खिशात ठेवली. दाराशी पोचल्यावर ती वळली.

"नान आज सकाळचा आहे. त्याला म्हणावं, मऊ आहे तोवर खा."