तलवारवालीचा दुसरा भाग

एकोणीसशे अडतीस साली बऱ्हाणपूरच्या तंबूत तलवारवालीच्या बोलपटाचा दुसरा भाग लागला. पहिला भाग शारदानं लग्नाआधी मैत्रिणींसोबत तीनदा पाहिला होता. या वेळी मात्र घोडा, तलवार, सगळं नायकाकडेच. तलवारवाली दोनदा दिसली, दोन्हीदा ओवाळायचं ताट घेऊन.

मध्यंतरात शारदाचा नवरा मधुकर शेंगा घेऊन बायकांच्या बाजूला आला. शारदा वैतागून म्हणाली, "अहो, सिनेमा तिचा ना? मग ती आहे कुठं?"

"अगं, मागच्या भागात लगीन नाही का झालं तिचं? आता तिचं काय दाखवतील?"

शारदानं शेंगांचा पुडा त्याच्या हातात परत दिला. "चला घरी. लग्नानंतर ती काय करते, तेवढंच बघायला आले होते मी."