गळ्याशपथ

बौद्धिक दिव्यांगांच्या व्यायामवर्गात छकुली वर्षभर जमिनीवरच्या रंगीत पट्टीवरून धावायला शिकली, ती फक्त बाबांना हरवायला. आज पालकांबरोबरच्या शर्यतीत तिने त्यांना हरवलं. बाबा धापा टाकत मागून आले.

“दमवलंस बाई! गुडघेच संपले माझे.”

“मी जिंकले? खरं खरं?”

“अगदी खरं खरं. तुझ्या गळ्याशपथ!”

पदक मिरवत ती बाबांबरोबर रस्त्यावर आली, तर समोरच्या थांब्यावरून बस सुटत होती. “अगं, शेवटची आहे!” असं ओरडत बाबा सुसाट धावले आणि दांडा पकडून त्यांनी बस थांबवली.

छकुली सावकाश चालत आली. गळ्यातलं पदक काढून तिने बाबांच्या गळ्यात घातलं.

“आत्ता खरं खरं धावलास.”