फिल्मवरची हळद

शनिवारी दुपारी द्वारकाबाई मटार सोलत बसल्या होत्या. नम्रता त्यांच्या शेजारी टेकली.

"आई, बाबांनी काढलेल्या जयामावशीच्या हळदीच्या फिल्मची स्वच्छ प्रत झालीय. बघणार?"

"मी तिथेच होते की," आई म्हणाली. "तू बघ. दारावरचं तोरण बघ नीट. केशरी झेंडू मंडईतून आणून मीच ओवला होता."

"आणि तुझ्या डोळ्याखालची हळद?"

"ते ह्यांना विचार. त्यांना जास्त माहीत." आईने सालं गोळा केली. "मटारभात करते. जेवूनच जा."

रविवारी सकाळी आई उठलीच नाही.

दिवसकार्य उरकल्यावर बाबांचे, म्हणजे दत्तप्रसादसरांचे विद्यार्थी कर्वेनगरच्या घरी भेटायला आले. त्यांच्यातल्या सौरभने ती कृष्णधवल प्रत टीव्हीवर लावली. इतकी वर्षं ही फिल्म घरच्या भिंतीवर दिसायची ती पुसट, वरून कापलेली. आज पूर्ण चौकट दिसत होती. आई हसत वळली. डाव्या डोळ्याखाली काळा डाग.

"सर, बाईंना काय लागलंय?" सलोनीने विचारलं. ती नवी होती.

सर खुलले. "लागलं नाही, फिल्मचा गुण आहे! मूकपटांच्या काळातली जात ही. निळं पांढरं येतं आणि लाल, पिवळं, केशरी सगळं काळं. म्हणून तेव्हाचं आभाळ कोरं. नटांची तोंडं पिठात बुडवल्यासारखी रंगवायचे, नाहीतर नायिका कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसायची! त्याच जातीचं एक जुनं रीळ मी हट्टाने मिळवलं, आणि नेमकी हिच्या वहिनीने हिला हळद फासली."

सगळे हसले. नम्रता हे लहानपणापासून ऐकत आली होती, मैत्रिणींना ऐटीत सांगतही आली होती. सातवीत एकदाच तिला विचारायचं होतं, खरंच हळद होती ना? तेवढ्यात चष्मा सारखा करायला बाबांनी हात उचलला आणि शेजारी बसलेली आई दचकली. प्रश्न तिथेच राहिला.

"सौरभ, थांबव जरा."

चित्र थांबलं. आई दारात उभी होती, डोक्यावर तोरण.

"काय झालं गं?" सरांनी विचारलं.

"बाबा," नम्रता म्हणाली, "मग आईचा केशरी झेंडू पांढराशुभ्र कसा आला?"